नायजेरियाचा लष्करी कायदा वाचताना: एका मोफत संकेतस्थळाचा अनुभव

नायजेरियाच्या सशस्त्र सेना कायद्याची संपूर्ण संहिता विनामूल्य देणारे एक संकेतस्थळ मी गेले काही आठवडे वापरले. मूळ 1993 च्या हुकूमनाम्यातून आलेला हा कायदा देशाच्या कायद्यांच्या 2004 च्या संकलनातील क्रमांकांसह तेथे मिळतो आणि कलम 60, म्हणजे सैन्यातून पळून जाण्याचा गुन्हा, लगेच सापडतो. विनापरवाना गैरहजेरी आणि पलायन यांतला फरक कायमचे न परतण्याच्या हेतूवर ठरतो, आणि तो हेतू सिद्ध करणे हीच लष्करी न्यायालयापुढील खरी कसोटी असते. आपल्या 1950 च्या सेना कायद्यातील कलम 38 शेजारी ठेवून वाचल्यास दोघांचे ब्रिटिश मूळ स्पष्ट दिसते; आपल्याकडे प्रत्यक्ष मोहिमेवरील पलायनाला मृत्युदंडापर्यंत, तर अन्यथा सात वर्षांपर्यंत कैद आहे.

मला खटकलेली उणीव गंभीर आहे. संहितेसोबत न्यायालयांचे निकाल नाहीत. बोको हराम या दहशतवादी संघटनेविरुद्धच्या मोहिमेत जाण्यास नकार दिला म्हणून डिसेंबर 2014 मध्ये 54 सैनिकांना बंडाच्या आरोपाखाली मृत्युदंड झाला. पुरेशी शस्त्रे मागणे हा गुन्हा कसा, असा त्यांचे वकील फेमी फलाना यांचा प्रश्न होता, आणि 2015 मध्ये ती शिक्षा दहा वर्षांच्या कैदेवर आली. पलायनाऐवजी बंडाचे कलम लावले की शिक्षा किती बदलते, हे नुसत्या कलमांवरून वाचकाला कळत नाही. मांडणी मात्र स्वच्छ आहे, आणि अभ्यासकांनी ती जरूर वापरावी.