यूव्ही टॉर्च ३६५ नॅनोमीटर – भंगारवाल्यांनी घ्यावा का?
गोडाऊनसाठी मागवला. बॉडी दणकट, चार्जपण बराच टिकतो, पण बॉक्सवर लिहिलंय "प्लास्टिक ओळखा" ते काही खरं नाही, कारण ऑप्टिकल ब्राइटनर (पांढरं जास्त उजळ दिसावं म्हणून घालतात ते केमिकल) टाकलेली पांढरी बाटली, कागदी लेबल, पावडरने धुतलेला शर्ट, सगळंच निळं चमकतं मग वेगळं काय काढणार डोंबल! जर्मनीतली पॉलिसिक्युअर कंपनी प्लास्टिकमध्येच चमकणाऱ्या पावडरचा ट्रेसर, म्हणजे ओळखीची खूण, अगदी थोडा मिसळते, त्यावर इन्फ्रारेड लेझर मारला की तो ठराविक रंगात उजळतो आणि बाकीचा कचरा तसा उजळत नाही, म्हणून प्लास्टिक वेगळं काढणाऱ्या मशीनचा गोंधळ होत नाही. आपल्याकडे येणाऱ्या मालात तसला ट्रेसर असतो कुठे, आणि असला तरी तो यूव्हीवर नाही, इन्फ्रारेडवर चालतो. नोटा तपासायला मात्र झकास. तीन स्टार.