एअर रायफलची हवा: घरचा कॉम्प्रेसर, हातपंप की भरून आणलेला सिलिंडर?

मुलीला स्वतःची मॅच रायफल (दाबलेल्या हवेवर छर्रे मारणारी, स्पर्धेची) घेतली आणि आठवड्याभरात आमच्या घरात एकच विषय सुरू झाला: हवा कुठे भरायची? नेमबाजीची रेंज अठरा किलोमीटरवर, तीही सोमवारी बंद. ‘घरीच कॉम्प्रेसर घेऊन टाकू’ हे मला तेव्हा इतकं सरळ वाटलं की मी फार हिशेब न करता एक जुना कॉम्प्रेसर घेतला. आज कोणी पालक विचारतात, तेव्हा मी आधी हिशेब करायला लावते.

दहा मीटरच्या मॅच रायफलचा सिलिंडर साधारण पाव लिटरचा असतो आणि तो २०० बारपर्यंत (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) भरतात. टायरवाल्याकडचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा, त्यामुळे त्याचा इथे काही उपयोग नाही. पूर्ण भरलेल्या सिलिंडरवर दोनशेच्या आसपास छर्रे निघतात. रोज शंभरेक छर्रे मारणाऱ्या मुलीचे साठेक बार खर्च होतात. म्हणजे पाव लिटर गुणिले साठ, पंधरा लिटर साधी हवा. दिवसाची गरज एवढीच.

आता घरगुती हाय-प्रेशर कॉम्प्रेसर पाहा. पाण्याने थंड होणारं, तेलाचं वंगण लागणारं, १.८ किलोवॉटच्या आसपासच्या मोटरचं यंत्र मिनिटाला चाळीसेक लिटर हवा दाबतं. त्याला आपलं काम अर्ध्या मिनिटाचं! उरलेला दिवस ते गॅलरीत झाकून पडून राहतं, आणि या यंत्राचं खरं नुकसान पडून राहण्यातच होतं. आमचं जून ते ऑगस्ट बंद होतं. नंतर हवेतलं तेल-पाणी वेगळं करणारा सेपरेटर उघडला तर आत तेल आणि पाणी मिसळून पांढरट, ताकासारखं झालेलं. पिस्टन रिंग बदलाव्या लागल्या. तोवर ओली हवा रायफलमध्येही गेलेली असल्याने तिचा हवेचा दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर सर्व्हिसला पाठवावा लागला, आणि मुलीची एक स्पर्धा उसन्या रायफलवर झाली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ओलाव्याला हलकं घेऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे एका घनमीटर हवेत पंचवीसेक ग्रॅम पाणी असतं. हवा दाबली की ते बाहेर पडतं, म्हणून मशीन चालू असताना दर चार-पाच मिनिटांनी ब्लीड व्हॉल्व्ह उघडून पाणी काढायचं. सुरू करताना आणि बंद करतानाही तो उघडा ठेवायचा, म्हणजे मोटरवर एकदम भार येत नाही. पुढे फिल्टर: कापूस किंवा मॉलिक्युलर सीव्ह (ओलावा शोषणारे दाणे). ते भिजले की बदलायचे, उन्हात वाळवून परत घालायचे नाहीत. तेल कॉम्प्रेसरचंच, सिंथेटिक. गाडीचं इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, इतक्या दाबाला आणि उष्णतेला ते पेट घेऊ शकतं. थंड करायच्या बादलीत डिस्टिल्ड वॉटर बरं. प्लग १६ अँपिअरचा, आणि आवाज इतका की सोसायटीत दुपारी चालवला तर खालच्यांची बेल वाजणारच.

बारा व्होल्टवर चालणारे छोटे कॉम्प्रेसरही मिळतात. मोठा सिलिंडर त्यांच्यावर भरू नये. दहा-पंधरा मिनिटांत तापतात, विश्रांती मागतात, आणि त्यांच्या सील लवकर झिजतात. एका रायफलपुरतेच ते ठीक.

हातपंपाला वीज लागत नाही, तेल लागत नाही, देखभाल म्हणजे ओ-रिंगचा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) संच आणि सिलिकॉन ग्रीस. पण शेवटच्या तीस-चाळीस बारला अंगाचा सगळा भार टाकावा लागतो. बारा वर्षांच्या मुलीला ते जमत नाही, आणि मोठ्यांनीही सरावाच्या आधी पंप मारला तर हात थरथरतात, श्वास वाढतो. नेमबाजाला तेव्हा हेच नको असतं. आदल्या रात्री, वडिलांनी किंवा दादाने, मध्ये पंप थंड होऊ देत मारावा. आम्ही तो आता फक्त अडीअडचणीला वापरतो.

रोजच्यासाठी आमच्याकडे अग्निशमन जवान पाठीवर घेतात तसा ६.८ लिटरचा, ३०० बारचा सिलिंडर आहे, त्यातून रायफलचा सिलिंडर भरतो. ३०० वरून २०० वर येईपर्यंत कागदावर तो ६८० लिटर हवा देतो. इतक्या दाबाला प्रत्यक्षात हवा थोडी कमी मावते, तरी एका मुलीचा महिना आरामात निघतो. महिन्यातून एकदा तो भरून आणणं, एवढंच काम. भरणाऱ्याकडचा कॉम्प्रेसर रोज चालतो, म्हणून त्याचे फिल्टर आणि तेलही वेळेवर बदललं जातं.

याचीही जबाबदारी आहेच. ५०० मिलिलिटरवरचे सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात, आणि ते पाहणाऱ्या ‘पेसो’चं (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मान्यतेचा शिक्का आणि हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीख नसलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी घरात आणू नका. जुन्या मॅच सिलिंडरवरची तारीखही वाचा. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत तपासणीत अडकतो. ३०० बारवरून २०० चा सिलिंडर भरताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा, नजर गेजवर, चेहरा बाजूला. हे काम मी मुलीला एकटीला करू देत नाही.

स्कूबावाल्यांची गोष्ट वेगळी. तारकर्लीसारख्या ठिकाणी श्वासाची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला कार्बन मोनॉक्साइड आणि तेलाची वाफ रोखणारे फिल्टर लागतात. रायफलसाठी घेतलेल्या मशीनची हवा कोणीही श्वासासाठी वापरू नये, एकदाही नाही.

मग घरी कॉम्प्रेसर कोणी घ्यावा? भरून देणारं ठिकाण साठ-सत्तर किलोमीटरवर असेल, किंवा गावात चार-पाच नेमबाज मिळून तो वापरणार असतील, तर जरूर घ्या. तेव्हा तो रोज चालतो आणि टिकतो. मात्र तो एकाच्याच ताब्यात ठेवा, आणि किती तास चालला, तेल कधी बदललं, याची वही शेजारी टांगा. आमचा कॉम्प्रेसर मी शेवटी अशाच पाच मुलांच्या गटाला दिला. परवा तिथे गेले तेव्हा वहीत शेवटची नोंद आदल्या दिवशीची होती, आणि सेपरेटरमधून निघालेलं पाणी स्वच्छ होतं.