मोटेलचा फुकट नाश्ता की गावातलं डायनर?

अमेरिकेत गाडीने फिरायला निघालेल्या मैत्रिणीचा हा प्रश्न. पैशात मोटेल सरस. डायनरमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत, बिलावर १५-२० टक्के टिप धरायचीच. वेळही मोटेलमध्ये वाचतो. चवीचं म्हणाल, तर मोटेलात सिरियल, ब्रेड आणि फार तर वॉफल, तेही स्वतःच भाजून घ्यायचं. डायनरमध्ये अंडी कशी हवीत ते विचारतात, हॅश ब्राउन्स, म्हणजे परतलेला बटाट्याचा कीस, तव्यावरून कुरकुरीत येतात, कप रिकामा दिसला की कॉफी पुन्हा ओततात, बहुतेक ठिकाणी त्याच पैशात. शाकाहाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावं. त्याच तव्यावर बऱ्याचदा बेकनही, म्हणजे डुकराचं मांस, भाजतात.

लांबचा पल्ला असेल, मुलं भुकेने किरकिरत असतील, तर मोटेल. दुपारच्या जेवणाला सुट्टी द्यायची असेल, गावातल्या गप्पा कानावर पडायला हव्या असतील, तर डायनर. आणि बसायचं काउंटरवरच.