ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर : पाच वर्षांत चार नग वापरून झाले, त्याचा रिव्ह्यू

मिक्सर, इन्व्हर्टर, गॅसची शेगडी यांचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मी जरा वेगळ्या वस्तूचा लिहितोय. फिलाडेल्फिया ईगल्स ह्या अमेरिकन फुटबॉल टीमने २०२१ पासून चार ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर वापरले. चौथा जानेवारी २०२६ मध्ये काढला आणि हे लिहिलं तेव्हा पाचव्याचा शोध चालू होता. पैसे माझे गेले नाहीत हे खरं, पण झोप माझी गेलीय, त्यामुळे स्टार द्यायचा हक्क मला आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, हातात चेंडू घेऊन पळणाऱ्याला कोणी फुटबॉलर म्हणत नाही. पण चुलतभाऊ क्रूझ बोटीवर आहे, २०१८ मध्ये ईगल्स सुपर बोल, म्हणजे ह्या खेळाची फायनल, जिंकले त्या वर्षी सुट्टीवर येताना त्याने मला हिरवी टोपी आणली आणि मी फसलो. रविवारी रात्री साडेदहाला मॅच, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकराला, आणि सुपर बोल म्हणजे सोमवारी पहाटे पाच. हाफटाइमच्या सुमारास दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, मग गरम पोई (आमचा पाव) आणि चहा. तेवढं एक सुख आहे ह्या खेळात.

आता वस्तू काय ते सांगतो, कारण आमच्या ऑफिसात अजून लोकांना वाटतं की कोऑर्डिनेटर म्हणजे गाड्या आणि हॉटेलं बुक करणारा. हेड कोच हा सगळ्यांचा साहेब. त्याच्या हाताखाली ऑफेन्सची, म्हणजे चेंडू घेऊन पॉइंट काढायची, बाजू बघतो तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, सगळे नुसतं ओसी म्हणतात. आठवडाभर समोरच्या टीमचे व्हिडिओ बघून प्ले, म्हणजे एकेक चाल, बसवायचे आणि मॅचला हातात ती लॅमिनेट केलेली, हॉटेलच्या मेन्यूकार्डाएवढी शीट धरून एकेक प्ले कॉल करायचा. ते क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हेल्मेटमधल्या स्पीकरवर ऐकू येतं, हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो तो त्याचाच. एक प्ले संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद, त्यातले १५ उरले की स्पीकर आपोआप बंद. त्यापुढे तो आणि त्याचं नशीब.

मला हे पटकन कळलं त्याला कारण आहे. देवळाच्या जत्रेतल्या नाटकाला मी आठ वर्षं प्रॉम्प्टर होतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने डास मारायचे. आमचा राजा म्हणजे गावातलाच बस कंडक्टर. त्याला पूर्ण वाक्य दिलं की हमखास गडबडायचा, पहिले दोन शब्द दिले की पुढचं आपणच बोलायचा, कधीकधी वहीत नसलेलं पण बोलायचा आणि टाळ्या घ्यायचा. एका वर्षी मी तापाने पडलो तर कमिटीने बाहेरून पट्टीचा प्रॉम्प्टर आणला, आवाज खणखणीत, वाचन शुद्ध, आणि त्याने प्रत्येक संवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. राजा तोंड उघडायच्या आधी संवाद पाचव्या रांगेत पोचत होता. माणूस हुशार होता हो, पण आमच्या राजाला किती शब्द लागतात ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ओसी घेताना मी तेवढंच बघतो. आधीच्या टीममध्ये त्याने किती पॉइंट काढले ते नंतर.

ईगल्समधला आमचा राजा म्हणजे क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स.

पहिला नग शेन स्टायकन. २०२१ च्या सुरुवातीला हेड कोच निक सिरियानी स्वतः प्ले कॉल करायचा, सीझनच्या मध्यात त्याने ते काम स्टायकनकडे दिलं आणि गाडी रुळावर आली. हर्ट्सला त्याने दोनच शब्द दिले असं म्हणा, समोरच्या एका डिफेंडरवर नजर ठेव, तो पळणाऱ्याच्या मागे धावला तर फेक, थांबला तर चेंडू देऊन टाक. २०२२ मध्ये १४ जिंकलो, ३ हरलो, मग सुपर बोल, तिथे हर्ट्सने स्वतः पळून तीन टचडाऊन केले, ३५ पॉइंट काढले आणि ३८-३५ ने हरलो. दोन दिवसांत स्टायकन इंडियानापोलिसचा हेड कोच. आम्ही अजून हरल्याच्या सुतकात आणि हा पेढे वाटतोय. पाच स्टार, टिकाऊपणाला शून्य.

दुसरा नग ब्रायन जॉन्सन, आणि ह्याच्यावर मी जास्त लिहिणार कारण इथे मी स्वतः सपशेल चुकलो. हा घरचा माणूस. क्वार्टरबॅक कोच होता, त्याला बढती दिली. हर्ट्सला तो चार वर्षांचा असल्यापासून ओळखतो, टेक्ससमध्ये हर्ट्सच्या वडिलांच्या हाताखाली शाळेत खेळलेला. मी म्हटलं, झालं, राजाचा श्वास ओळखणारा प्रॉम्प्टर मिळाला, चुलतभावाला बोटीवर मेसेज पण टाकला की हे वर्ष आपलं. २०२३ ची सुरुवात १०-१. आणि त्यानंतरच्या सहांपैकी पाच मॅच हरलो, प्लेऑफला टॅम्पा बेने ३२-९ असा धुतला. काय झालं म्हणाल तर समोरचे ब्लिट्झ करायला लागले, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं थेट क्वार्टरबॅकवर सोडायची, आणि आमच्याकडे त्याला उत्तरच नाही. हर्ट्स मागे मागे सरकतोय, चेंडू झेलणारे रिसिव्हर लांब पळतायत, जवळ हात वर करून उभा असा एकही माणूस नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला वाटतं घरच्या माणसाची हीच अडचण असते, तो राजाला आवडणारे संवाद देतो. लांबचा थ्रो हर्ट्सला आवडतो, मग तोच. नावडता संवाद गळी उतरवायला जरा परका माणूस लागतो. अडीच स्टार, त्यातला अर्धा माझ्या अंदाजाला दंड म्हणून कापलाय.

तिसरा केलन मूर. आधी चार सीझन डॅलसचा ओसी, म्हणजे भावकीतल्या भांडणातला माणूस घरात आणण्यासारखं, मग एक वर्ष चार्जर्सकडे. नाक मुरडूनच बघायला बसलो. पहिल्या चार मॅच २-२, आई म्हणाली ह्याला पण काढणार का. (तिला खेळ कळत नाही पण माणसं लक्षात राहतात. मध्ये सिरियानी टक्कल करून आला तेव्हा ‘ह्याचे केस कुठे गेले’ हे घरात पहिल्यांदा तिनेच विचारलं.) मग मूरने एक काम केलं जे हुशार माणसाला फार जड जातं, आपली हुशारी खिशात ठेवली आणि चेंडू सेक्वन बार्कलीच्या हातात देत राहिला. बार्कली २००५ यार्ड पळाला. आता खरं श्रेय कोणाचं, मूरचं की समोर भिंतीसारखी उभी राहणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनचं, जी लाइनचा कोच जेफ स्टाउटलँडने वर्षानुवर्षं घडवली, ह्यावर मी आणि चुलतभाऊ अजून भांडतो. २०२५ च्या सुपर बोलला पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा स्कोअर होता २४-०, मी पैसे न घेताच बाहेर पळालो आणि पोई उधारीवर आणली. शेवटी ४०-२२. मॅच न्यू ऑर्लिन्सला होती, आणि त्याच आठवड्यात मूर न्यू ऑर्लिन्सचाच हेड कोच झाला, म्हणजे सामान उचलून आणायचा पण त्रास नाही. साडेचार स्टार.

चौथा केविन पटुलो, परत घरचा, सिरियानीचा जुना सोबती, एनएफएलमध्ये, म्हणजे ह्या लीगमध्ये, प्ले कॉल करायचा अनुभव नाही. तोच बार्कली, तोच हर्ट्स, तरी गाडी पहिल्या गिअरमध्येच. शिकागोकडून हरल्यावर कोणीतरी त्याच्या घरावर अंडी फेकली, हे मात्र अति झालं, पोरंबाळं असतात घरात. आईला सांगितलं तर म्हणाली, अंडी फुकट घालवली. प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला फोर्टीनायनर्सनी घरी पाठवलं आणि दोन दिवसांत पटुलोची खुर्ची गेली. दोन स्टार.

ह्या वस्तूची सगळ्यात मोठी खोड आता सांगतो. चांगला निघाला तर शेजारी उचलून नेतो, वाईट निघाला तर आपण फेकतो, म्हणजे कसंही करून दर वर्षा-दोन वर्षांनी बाजारात जायचंच. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांचं हेच चालतं. मोरजीला मित्राचा शॅक आहे, ऑक्टोबर आला की त्याचं पहिलं टेन्शन परमिट नाही, कूक. गेल्या सीझनचा चांगला होता, बांगड्याच्या रेशादला लोक पुन्हा पुन्हा यायचे, तो गेला बोटीवर. डेट्रॉइटचं तेच झालं. बेन जॉन्सन तीन सीझन ओसी होता, तिसऱ्यात टीम १५-२, मग तो शिकागोचा हेड कोच झाला. त्याच्या जागी जॉन मॉर्टनला आणलं आणि नोव्हेंबर येईपर्यंत हेड कोच डॅन कॅम्पबेलने प्ले कॉलिंग स्वतःकडे घेतलं. मित्राने पण शेवटी ॲप्रन घातला होता. रेशाद बरा करतो तो, पण गल्ल्यावर कोण बसणार.

वॉरंटी किती धरायची हा पण प्रश्न आहे. अटलांटाने २०१५ मध्ये काइल शॅनहनला ओसी घेतलं, पहिलं वर्ष ८-८, क्वार्टरबॅक मॅट रायन भांबावलेला, लोक वैतागले. दुसऱ्या वर्षी ५४० पॉइंट आणि रायन एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. (त्याच वर्षी सुपर बोलला २८-३ पुढे असताना चेंडू जमिनीवरून पळवायचा सोडून फेकत बसले आणि ३४-२८ ने हरले, तो विषय वेगळा, अटलांटावाल्यांसमोर काढू नका.) मग पटुलोला पण दुसरं वर्ष द्यायला हवं होतं का? एक रात्र मलाही तसं वाटलं. पण शॅनहन अटलांटाला येण्याआधी ह्यूस्टन, वॉशिंग्टन, क्लीव्हलंड अशा तीन ठिकाणी ओसीगिरी करून आला होता, त्याच्या वहीत काय आहे ते बाजाराला माहीत होतं. पटुलोची वही आम्ही चालू मॅचमध्ये वाचत होतो.

कोणी घ्यावा? अँडी रीड, शॉन मॅकव्हे, किंवा आता हेड कोच झालेला शॅनहनच, ह्यांच्यासारखा साहेब स्वतः प्ले कॉल करत असेल तर कोणताही चालेल, तिथे ओसी म्हणजे शीट धरायला माणूस. सिरियानी मात्र कॉल करत नाही, म्हणून आमच्याकडे हा नग बिघडला की अख्खं घर अंधारात. पाचवा बाहेरचाच घ्या, आधी कुठेतरी कॉल केलेला असला तर उत्तम, आणि इंटरव्ह्यूला त्या रंगीत स्लाइड बघत बसू नका. थर्ड डाऊन, म्हणजे तिसरा प्रयत्न आहे, सहा यार्ड हवेत, ब्लिट्झ येतोय, हर्ट्सला काय सांगशील आणि किती शब्दांत, एवढं विचारा.

जाता जाता, आमच्या जत्रेच्या नाटकाला यंदा प्रॉम्प्टर अजून ठरलेला नाही, कमिटीतून दोनदा फोन आला. कंडक्टर रिटायर होऊन मुलाकडे राहायला गेला, राजा नवीन आहे म्हणे. कोण आहे ते सांगा, मग बघतो म्हटलं.