प्लवकांचा ठावठिकाणा: मॅक्सएंट, गॅम की रँडम फॉरेस्ट?

एखादा प्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारा जीव, समुद्रात कुठे सापडेल याचं संगणकी मॉडेल करायला बसलं की पहिली चर्चा सुरू होते ती पद्धतीची: मॅक्सएंट, गॅम की रँडम फॉरेस्ट? माझं म्हणणं, त्याआधी नोंदवहीतली शून्यं बघा. ‘सापडला नाही’ असं जिथे लिहिलंय, तिथे तो खरंच नव्हता का? याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड होऊन जाते.

उत्तर अटलांटिकमधल्या कॅलॅनस फिनमार्किकसचंच घ्या. तांदळाच्या कणीएवढा, चरबीने भरलेला हा थंड पाण्यातला कोपेपॉड (कोळंबीच्या गोतातला इवलासा प्राणी) म्हणजे कॉड माशाच्या पिल्लांचं वसंतातलं खाणं. त्याच्या बऱ्याचशा नोंदी ॲलिस्टर हार्डी यांनी घडवलेल्या ‘कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर’मधून आल्या आहेत. मालवाहू जहाजांच्या मागे बांधून हे यंत्र १९३१ पासून नियमित ओढलं जातंय. चिमुकल्या तोंडातून पाणी आत शिरतं, रेशमी जाळीच्या पट्टीवर गाळलं जातं, वरून दुसरी पट्टी बसते आणि दोन्ही गुंडाळत फॉर्मॅलिनच्या टाकीत जातात. पट्टीवरचे १० सागरी मैल म्हणजे एक नमुना, त्यात साधारण ३ घनमीटर पाणी. पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली. पायांच्या पाचव्या जोडीची आतली, दातेरी कड जवळपास सरळ असेल तर फिनमार्किकस, चांगलीच वळलेली असेल तर त्याचा उबदार पाण्यातला भाऊबंद हेल्गोलँडिकस. तुमच्या फाइलमधल्या एका आकड्यामागे कुणाचे तरी डोळे इतके शिणलेले असतात.

आता अडचण बघा. रेकॉर्डर जातो पृष्ठभागाखाली जेमतेम ७ मीटरवर. फिनमार्किकस मात्र हिवाळा शेकडो मीटर खोल, न खाता काढतो. म्हणजे जानेवारीतल्या शून्याचा अर्थ ‘इथे नाही’ असा नाही, ‘वर नाही’ एवढाच.

मॅक्सएंटला हे शून्य लागतच नाही. २००६ पासून ही पद्धत लोकप्रिय झाली ती यामुळेच: प्राणी जिथे सापडला तेवढी ठिकाणं द्यायची, बाकी समुद्रातून तुलनेसाठी ‘पार्श्वभूमीचे बिंदू’ घ्यायचे. संग्रहालयांतल्या जुन्या, तुटक नोंदी हाताशी असतील तर दुसरा फारसा पर्याय नाही. पण जहाजं ठरलेल्या मार्गांनीच जातात. पार्श्वभूमीचे बिंदू सगळ्या समुद्रभर उधळले, तर मॉडेल प्लवकाऐवजी जहाजांचे मार्ग शिकून बसतं. ते बिंदूही त्याच मार्गांवरून उचला. शिवाय नकाशावर उमटते ती सापेक्ष अनुकूलता. तिला ‘सापडण्याची शक्यता’ म्हणू नका. आणि रेकॉर्डरसारखी शिस्तीत घेतलेली शून्यं हाताशी असताना मॅक्सएंट वापरणं म्हणजे एवढ्या कष्टाची माहिती टाकून देणं. ते मला पटत नाही.

गॅममध्ये (जनरलाइज्ड ॲडिटिव्ह मॉडेल) त्या शून्याला अर्थ देता येतो. हेस्टी आणि टिबशिरानी यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत तापमान, क्षारता, खोली अशा प्रत्येक घटकासाठी एक लवचिक वक्र बसवते आणि त्यांची बेरीज घेते. त्यात महिना घाला, दिवसाचा तास घाला (बरेच प्राणीप्लवक रात्री वर येतात, दिवसा खाली जातात), की हिवाळ्यातलं किंवा भरदुपारचं शून्य थेट निवासाच्या खात्यावर जमा होत नाही. नुसती उपस्थितीच नाही, तर संख्याही मांडता येते. मला सर्वांत जवळचं वाटतं ते हे, की तापमानाचा वक्र कागदावर काढून जीवशास्त्रज्ञापुढे ठेवता येतो. फिनमार्किकसचा वक्र १८ अंशांवर पुन्हा उसळी घेत असेल, तर तिथे नोंदी किती आहेत ते मोजा. बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतील. मग वक्राची लवचिकता कमी करा.

रँडम फॉरेस्टमध्ये शेकडो निर्णयवृक्ष (‘तापमान अमुकपेक्षा जास्त का?’ अशा हो-नाही प्रश्नांच्या साखळ्या) मिळून उत्तर देतात. घटकांमधली गुंतागुंत ते न सांगता पकडतात आणि चाचणीत गुणही भरपूर पडतात. त्या गुणांवर लगेच विसंबू नका. शेजारशेजारचे नमुने एकमेकांसारखेच असतात. त्यातले काही शिकायला, काही चाचणीला असे चिठ्ठ्या टाकून वाटले, तर परीक्षेत पाठ केलेलीच गणितं येतात. समुद्राचे मोठे तुकडे पाडून एकेक तुकडा अख्खा बाजूला ठेवा, मग खरा फरक कळतो. दुसरी गोष्ट, शिकताना दिसलेल्या कमाल तापमानाच्या पुढे रँडम फॉरेस्टचं उत्तर सपाट होतं. एकेकाळी फिनमार्किकसची मक्तेदारी असलेल्या उत्तर समुद्रात आज हेल्गोलँडिकस वरचढ आहे. पाणी आणखी तापल्यावर काय, हा प्रश्न असेल तर तिथे मी रँडम फॉरेस्ट वापरणार नाही. तिथे गॅमही अंदाजच करतो, पण त्याच्या वक्राचं टोक कसं जातंय ते निदान दिसतं.

अरबी समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. १९६० ते ६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत ठरावीक जाळं २०० मीटरवरून उभं वर ओढलं जाई. रेकॉर्डरचं शून्य ७ मीटरचं, हे २०० मीटरचं. दोन्ही एका रकान्यात टाकू नका. आपल्याकडे खालच्या थरांत प्राणवायू फार कमी, त्यामुळे नुसतं पृष्ठभागाचं तापमान देऊन भागत नाही. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या हरितद्रव्याच्या उपग्रहनोंदी पावसाळ्यात ढगांमुळे तुटतात, आणि नेमकं तेव्हाच खालचं पोषक पाणी वर येऊन समुद्र सुपीक झालेला असतो.

तुटक जुन्या नोंदी असतील तर मॅक्सएंट घ्या. भरपूर नमुने असतील आणि नकाशा आजच्याच समुद्राचा हवा असेल, तर रँडम फॉरेस्ट चालेल, पण तुकडे पाडून तपासलेलंच. प्रबंधाचं पहिलं मॉडेल असेल तर गॅमच घ्या, आणि सुरुवात महिन्याच्या वक्रापासून करा.