बादली कोणाच्या हातात आहे, ते आधी बघा

शेवटच्या प्रसंगात आजी सुईत दोरा ओवते. माझी आजी म्हणजे दीड फुटाची, नऊ दोऱ्यांची सूत्रबाहुली. डोकं कागदाच्या लगद्याचं, हात लाकडी. सुईतला दोरा एका झटक्यात ओवला जात नाही. दोनदा चुकतो, आजी सुई डोळ्यांजवळ धरते, मान किंचित वाकडी करते आणि तिसऱ्यांदा साधतं. एवढं बसवायला मला चार महिने लागले. स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या फ्रिंज या नाट्यमहोत्सवात रोज दुपारी तिने दोरा ओवला की खोलीत आधी शांतता आणि मग टाळ्या. लोक उठायचे आणि दाराशी उभ्या असलेल्या एका मुलाच्या हातातल्या बादलीत पैसे टाकून बाहेर पडायचे. नऊ दिवस मला वाटत होतं, ती बादली सभागृहाची आहे. ती माझी होती.

परदेशी महोत्सवात एकट्याने प्रयोग घेऊन जाण्याचं स्वप्न बाळगणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. मला झालेला त्रास पुन्हा उगाळायची हौस नाही. पण मला आलेल्या पत्रासारखीच पत्रं इतरांनाही जात असणार.

पत्र फेब्रुवारीत आलं. माझ्या प्रयोगाची चित्रफीत पाहिल्याचं त्यात लिहिलं होतं, सुई-दोऱ्याच्या प्रसंगाचा नेमका उल्लेखही होता. पुढचं वाक्य असं: ‘आमच्या आंतरराष्ट्रीय विभागासाठी आपल्या प्रयोगाची निवड झाली आहे.’ त्या ‘निवड’ शब्दाने मी गळाला लागले. आपण नाटकवाले वाढतोच स्पर्धांमध्ये. प्रवेशिका भरायची, प्राथमिक फेरी, अंतिम फेरी, परीक्षक. निवड झाली म्हणजे कुणीतरी जाणकाराने आपलं काम तोलून पाहिलं, असंच मन धरून चालतं. आनंदाच्या भरात पुढचा मजकूर मी नीट वाचलाच नाही.

एडिनबराची फ्रिंज कशी सुरू झाली, एवढं जरी मला तेव्हा ठाऊक असतं तरी मी थबकले असते. १९४७ साली तिथे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसलेले आठ संच आपणहून गेले आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करून आले. त्या आठांत एक सूत्रबाहुल्यांचाही संच होता. कुणी बोलावलं नाही तरी जायचं, हेच फ्रिंजचं मूळ. १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. ती नोंदणी करून घेते, कार्यक्रमपत्रिका काढते, तिकिटांची व्यवस्था बघते, पण प्रयोग निवडत नाही. ज्याला जागा मिळाली आणि ज्याने नोंदणी केली, तो आत. काही मोठी सभागृहं आपापले कार्यक्रम निवडून लावतात हे खरं, पण ती निवड त्या सभागृहाची असते आणि पत्रही त्यांच्याकडूनच येतं. कॅनडातल्या फ्रिंज महोत्सवांत तर बहुतेक ठिकाणी चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात. म्हणजे ‘फ्रिंजमध्ये तुमची निवड झाली’ असं कुणी तिऱ्हाईत माणूस सांगत असेल, तर पहिला प्रश्न हाच: निवडणारा तू कोण?

मी तो प्रश्न विचारला नाही. मी विचारलं, पैसे किती?

२,६०० पौंड. सभागृहाचं भाडं १,४००, नोंदणी ४००, व्हिसासाठी ‘प्रायोजक पत्र’ ३००, पत्रकं आणि पोस्टर २५०, समीक्षकांना आणण्याचे २५०. अठ्ठेचाळीस तासांत निम्मी रक्कम भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, असंही होतं. पत्र एका संस्थेच्या नावाचं आणि बँक खातं एका माणसाच्या नावाचं. मी विचारल्यावर उत्तर आलं की संस्थेचं खातं लेखापरीक्षणामुळे तात्पुरतं बंद आहे. मी करारनाम्यावर सही केली आणि साठवलेल्या पैशांत उसने घेतलेले घालून ते थेट बँकेतून पाठवले. कार्डाने भरले असते तर बँकेकडे दाद मागायला निदान एक वाट राहिली असती.

व्हिसाच्या पत्राबद्दल आत्ताच सांगते, कारण त्यात अनेकांचे पैसे जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये काही महोत्सवांची अशी सरकारी यादी आहे की तिथे प्रयोग करायला येणाऱ्या कलाकाराला वेगळा कामाचा व्हिसा लागत नाही. अभ्यागत (व्हिजिटर) म्हणून येता येतं आणि मानधनही घेता येतं. एडिनबराची फ्रिंज त्या यादीत आहे. सोबत लागणारं पत्र नोंदणी झालेल्या कलाकाराला महोत्सवाकडूनच मिळतं. त्यासाठी मधला माणूस लागत नाही. मी ३०० पौंड देऊन जे पत्र घेतलं, ते मला निवडीचं पत्र पाठवणाऱ्या माणसाने स्वतःच टाइप केलेलं होतं.

आणखी एक खूण होती, ती बाहुलीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. मी तीनदा विचारलं होतं की खोलीच्या छताची उंची किती. सूत्रबाहुलीला ते कळल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही. नियंत्रक, म्हणजे बाहुलीचे दोरे जिला बांधलेले असतात ती हातातली पट्टी, किती वर धरायचा, दिवा कुठून टाकायचा, सगळं त्यावर. तीनही वेळा उत्तर आलं, ‘नेहमीसारखी.’ ज्याने ती खोली पाहिलीच नाही, त्याचं हे उत्तर. प्रत्यक्षात ती पबच्या वरच्या मजल्यावरची चाळीस खुर्च्यांची खोली निघाली, छत इतकं खाली की दिवा माझ्या मनगटांवर पडायचा आणि त्यांची सावली आजीच्या चेहऱ्यावर. पहिल्या रात्री मी आजीला टेबलावर उतरवलं, दोरे आखूड केले आणि पहाटेपर्यंत चाल पुन्हा बसवली.

तरी प्रयोग रंगू लागले. रोज सकाळी मी रॉयल माइल या तिथल्या गजबजलेल्या रस्त्यावर उभी राहून पत्रकं वाटायचे, एका हातात पत्रकं आणि दुसऱ्या हातात आजी. पाच हजार पत्रकांचे पैसे दिले होते, हातात पडले दोन गठ्ठे. समीक्षक एकही आला नाही. पण आठवडाभरात खोली पाऊण भरू लागली आणि मला बाकी सगळ्याचा विसर पडला.

फ्रिंजमध्ये दोन प्रयोगांच्या मध्ये अनेकदा जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात एकटीने दिवे, टेबल, काळं कापड आवरायचं आणि बाहुलीचे दोरे नियंत्रकाला गुंडाळायचे. घाईत गुंडाळले की दुसऱ्या दिवशी गुंत्यात तास जातो. माझ्यानंतर त्याच खोलीत एक बाई गोष्टी सांगायच्या. त्या आपण होऊन आजीला हातात धरून उभ्या राहायच्या, म्हणजे मला दोरे ताणून घेता यावेत. नवव्या दिवशी त्यांनी दाराकडे बघत विचारलं, “तुमची बादली रोज तो मुलगा का नेतो?”

मी म्हटलं, “सभागृहाची आहे ना ती?”

त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “इथे खोलीला भाडं नसतं. बादली कलाकाराची असते.”

त्यांनी मला तिथेच बसवून समजावलं. तिकीट लावून होणाऱ्या प्रयोगांशेजारी फ्रिंजमध्ये एक विनातिकीट पद्धतही आहे. विनोदी कलाकार पीटर बकली हिल यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली, पुढे इतरांनीही उचलली. कलाकाराकडून खोलीचे पैसे घ्यायचे नाहीत, प्रेक्षकाने आत फुकट यायचं आणि जाताना वाटेल ते बादलीत टाकायचं. पबवाल्याला गिऱ्हाईक मिळतं, कलाकाराला बादली. म्हणूनच प्रयोग संपल्यावर कलाकार स्वतः दाराशी बादली घेऊन उभा राहतो आणि दोन शब्द बोलतो. मी मात्र त्या वेळी पाठ करून दोरे गुंडाळत असायचे.

ज्या खोलीसाठी मी १,४०० पौंड मोजले होते, ती मला पत्र पाठवणाऱ्या त्या माणसाला फुकट मिळाली होती. खोलीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने मला त्याचा ई-मेल दाखवला. त्यात प्रयोग माझा, नाव माझं, संपर्कासाठी पत्ता त्याचा. या व्यवस्थापकाचा काही दोष नव्हता, तोही अवाक झाला. दाराशी कार्डाने पैसे घ्यायचं छोटं यंत्र असायचं, त्यावरच्या पावतीवर तेच नाव होतं, ज्या खात्यात मी पैसे पाठवले होते. पावती मी कधी बघितलीच नव्हती.

मी त्या पत्रवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “करारनाम्याचं चौथं पान वाचा.” वाचलं. सगळं उत्पन्न त्याचं, असं खरंच लिहिलं होतं. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही आणि दुसऱ्या दिवसापासून बादलीवाला मुलगाही आला नाही. तो बिचारा विद्यार्थी होता, त्यालाही मजुरी मिळाली नव्हती, हे नंतर कळलं.

दहाव्या दिवशी मी दोरे तसेच सोडले, आजीला कडेवर घेतलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले. घशाला कोरड पडली होती. पाठ केलेली चार वाक्यं बोलले. एका लहान मुलीने नाणं बादलीत न टाकता आजीच्या हातावर ठेवलं. त्या दिवशी ८६ पौंड जमले. आधीच्या नऊ दिवसांचे किती असतील, याचा हिशेब त्या रात्री मी दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला.

तक्रारीचं असं: स्कॉटलंडमध्ये अशा फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे १०१ या क्रमांकावर करतात. मी केली, नोंद क्रमांक मिळाला. ५,००० पौंडांपर्यंतच्या रकमेसाठी तिथल्या शेरिफ न्यायालयात, म्हणजे स्थानिक न्यायालयात, साधी, वकिलाशिवाय चालवता येणारी प्रक्रिया आहे. पण नोटीस बजावायला त्याचा पत्ता हवा आणि करारनाम्यावरचा पत्ता म्हणजे टपाल ठेवून घेणारं एक दुकान निघालं. तिथे मी स्वतः जाऊन आले. त्यामुळे दावा अजून उभाच राहिलेला नाही.

हे सगळं एका ई-मेलने टळलं असतं. खोली ज्यांची आहे त्यांना थेट लिहून विचारायचं: माझ्या नावाने जागा राखली आहे का, भाडं किती, उत्पन्न कोणाकडे जातं, छत किती उंच? फ्रिंज सोसायटीलाही असंच विचारता येतं. नवख्या कलाकारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला तिथे माणसं आहेत. मी हे विचारलं नाही, कारण विचारलं तर मिळालेली निवड हातची जाईल अशी भीती होती. आणि नोंदणी कुणालाही करू देऊ नका, स्वतः करा. नोंदणी ज्याच्या नावावर, कागदोपत्री प्रयोग त्याचा.

करारनाम्याच्या चौथ्या पानावरचं कलम मी इथे मराठीत उतरवून ठेवते. ‘प्रयोगाच्या निमित्ताने प्राप्त होणारे सर्व ऐच्छिक व अन्य उत्पन्न व्यवस्थापन खर्चापोटी प्रस्तुतकर्ता स्वीकारील.’ त्यातला ‘प्रस्तुतकर्ता’ म्हणजे तो माणूस आणि ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ बादली. तुमच्याकडे आलेल्या कागदावर अशा अर्थाचं काही असेल, तर सही करू नका आणि मला कळवा. माझ्याकडे त्या माणसाची सगळी पत्रं, पावत्या आणि पोलिसांचा नोंद क्रमांक जपून ठेवलेला आहे. दुसरा कुणी तक्रारदार पुढे आला, तर दोघांची प्रकरणं एकत्र मांडता येतील.