पावती म्हणून सही केली, निघालं संमतीपत्र

बेळगावच्या पश्चिमेला आमची दीड एकर जमीन. खालच्या वाफ्यात भात, वरच्या माळावर रताळी. दोन वर्षांपूर्वी एका खासगी कंपनीची गॅसची पाइपलाइन त्या माळावरून निघाली. घरी यायचा तो ठेकेदाराचा माणूस, बोलायला मधाळ. "काका, जमीन तुमचीच. पाइप खालनं जाणार, वर खुशाल पीक घ्या."

हे खोटं नव्हतं, मेख तिथंच होती. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यात मालकी आपलीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. पण पाइपवरच्या पट्ट्यात पुढं घर, विहीर, तळं काही करता येत नाही, झाडही लावता येत नाही. एवढं तो गाळून बोलला.

जीपच्या बॉनेटवर कागद पसरला, कन्नडमधला. म्हणाला, पीक नुकसानीची पावती. मला बाजारापुरतं कन्नड येतं, वाचता येत नाही, आणि हे त्याच्यासमोर कबूल करायची लाज वाटली. मुलगी शाळेत कन्नड शिकते, आत चहा टाकत होती. हाक मारली नाही. सही केली, चेक घेतला.

खोदताना वरची तांबडी माती बाजूला ठेवायला हवी होती. यांनी सगळं एकत्र ढकललं, मुरूम वर आला. पुढच्या सुगीला त्या पट्ट्यात रताळी बोटाएवढी. बांधावरचे दोन आंबेही गेले. त्यांचे पैसे मागायला गेलो तर तोच कागद पुढं केला. मुलीनं वाचला: पीक, झाडं, जमिनीचा वापर, सगळी भरपाई पोचली, कसलीही हरकत नाही. तोंडी दहा मीटर सांगितलेला पट्टा कागदावर वीस.

वकिलांकडून मग कळलं, नुकसानभरपाई वेगळी आणि वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के वेगळे. राजपत्रात अधिसूचना आल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे या कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, लेखी हरकत घेता येते. माझे ते दिवस चेकच्या आनंदात गेले. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडं जाता येतं, तिथं अर्ज टाकलाय.

आता शेजारच्या शिवारात खुंट्या ठोकल्यात, तीच जीप फिरतेय. तुमच्या दारात आली तर "उद्या या" म्हणा, कागद ठेवून घ्या, कन्नड वाचणाऱ्याला दाखवा. आणि सहीच्या आधीच झेरॉक्स मागा. माझ्या स्वतःच्या सहीच्या कागदाची प्रत मिळवायला मला चार खेपा पडल्या.